उन्हाळी सुटी आणि गणिताचा विद्यार्थी : तळेगावच्या दक्षिणेपासून ग्रीष्मवर्गांपर्यंत

१

महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिताना विद्यापीठांची स्थापना, अभ्यासक्रमांतील फेरबदल आणि परीक्षांचे निकाल यांचाच विचार बहुधा केला जातो. वर्षातील जे दीड-दोन महिने महाविद्यालयांचे दरवाजे बंद असतात, त्या काळाकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. गणिताच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. रसायनाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागते व ती सुटीत बंद असते. गणिताच्या विद्यार्थ्याला कागद, पेन्सिल, जाणता सोबती आणि अखंड वेळ एवढेच लागते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी कोठेही मिळतात. तिसरी व चौथी मिळणे न मिळणे हे मात्र विद्यार्थ्याच्या घरच्या परिस्थितीवर आणि समाजाच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

गेल्या तीन दशकांत भारतात पदवीपूर्व गणित-विद्यार्थ्यांसाठी जे ग्रीष्मवर्ग निर्माण झाले, त्यांचे महत्त्व साधारणतः त्यांतील व्याख्यानांच्या दर्जावरून मापले जाते. ते माप अपुरे आहे. या वर्गांनी केलेले अधिक मूलगामी कार्य हे की, ज्याची सुटी त्याच्या मालकीची नव्हती अशा विद्यार्थ्याला त्यांनी चार आठवड्यांचे अन्न आणि अवकाश मिळवून दिले. हे प्रतिपाद्य तपासून पाहण्यास पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यासारखा दुसरा योग्य प्रदेश नाही. पुण्यासारखे विद्याकेंद्र याच्या शेजारीच आहे, आणि तरीही येथील उन्हाळ्याला पुण्याच्या उन्हाळ्याहून वेगळा अर्थ आहे.

२

विद्यार्थ्याच्या भाकरीचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. चाकणपासून फार दूर नसलेल्या तळेगावी सेनापती दाभाडे श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत असत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले व पुढे हा दक्षिणासमारंभ पेशव्यांनी पुण्यास आणला. दूरदूरचे शास्त्री-पंडित त्यासाठी पुण्यास येत. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने हा खर्च एकदम बंद केला नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्च याच निधीतून झाला. या पाठशाळेचे व इंग्रजी शाळेचे एकीकरण होऊन १८५१ साली पूना कॉलेज झाले, आणि तेच पुढे डेक्कन कॉलेज या नावाने प्रसिद्धीस आले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी येथेच गणित शिकविले. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी. जुन्या दक्षिणेचे रूपांतर ‘दक्षिणा फेलो’ या विद्यावेतनात झाले आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्यांना त्याचा लाभ मिळाला.

या व्यवस्थेची मर्यादाही उघड होती. मूळ दक्षिणा एका वर्णापुरती होती. तिचा काही भाग मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा असा अर्ज १८४९ साली सुधारकांनी केला, तेव्हा पुण्यात मोठा गहजब उडाला. विद्येसाठी राखून ठेवलेले धन कोणत्या विद्येवर आणि कोणत्या विद्यार्थ्यावर खर्च व्हावे, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही. माधुकरी मागून अथवा वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांची पुण्यातील परंपरा हीदेखील याच प्रश्नाचे खाजगी उत्तर होती, आणि तीही सर्वांस खुली नव्हती. भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापून व वसतिगृहे काढून हे उत्तर बहुजनांच्या दिशेने फिरविले. विद्यार्थ्याने श्रम करावेत आणि त्यांतून शिकावे, हा त्यांचा मार्ग. पिंपरीचे महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे आहे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

३

पिंपरीचा कायापालट स्वातंत्र्यानंतर झाला. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर भोसरी-चिंचवड भागात आखीव औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. टेल्को आणि बजाज यांच्या कारखान्यांनी आसपासच्या असंख्य लघुउद्योगांना काम दिले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १७ लाख भरली. शतकाच्या अखेरीपासून मोटारधंद्याचा विस्तार चाकणकडे सरकला आणि खेड तालुक्यातील शेतजमिनींवर वाहनांचे व सुट्या भागांचे कारखाने आले.

या वस्तीत जी महाविद्यालये निघाली, त्यांतील बी.एस्सी.च्या वर्गाची घडण डेक्कन जिमखान्यावरील वर्गासारखी असणे शक्य नव्हते. कामगारांची, वर्कशॉप चालविणाऱ्यांची आणि मराठवाड्यातून वा खानदेशातून पोटासाठी आलेल्या कुटुंबांची मुले येथे मोठ्या प्रमाणात शिकतात. अशा घरी सुटी म्हणजे मोकळीक नव्हे. सुटीत एखाद्या कारखान्यात हंगामी काम मिळाले तर पुढील वर्षाच्या फीचा काही भाग सुटतो. मुलींच्या वाट्यास शिकवण्या व घरकाम येते. परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थीही मे महिन्यात गणिताचे पुस्तक उघडू शकत नाही. याचे कारण अनास्था नसून घरचा हिशेब आहे.

येथे एक विसंगती दृष्टीस पडते. ज्याला यंत्रावर काम शिकावयाचे आहे, त्याला शिकण्याच्या काळात विद्यावेतन दिले पाहिजे, हे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मान्य केले. शिकणारा हातदेखील पोटाशी बांधलेला असतो, हे तत्त्व कारखानदारीला कायद्याने पटवून दिले गेले. गणित शिकणाऱ्या उमेदवाराच्या बाबतीत हेच तत्त्व मान्य होण्यास पुष्कळ विलंब लागला.

४

भारतात विज्ञानाच्या उन्हाळी वर्गांचा संघटित प्रारंभ १९६३ च्या सुमारास झाला. रशियाने १९५७ साली कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत विज्ञानशिक्षणाविषयी जी जाग आली, तिचे पडसाद येथेही उमटले. विद्यापीठ अनुदान मंडळाने अमेरिकन साहाय्याने १९६३ पासून ग्रीष्मकालीन संस्था भरविल्या. परंतु त्या मुख्यतः शिक्षकांसाठी होत्या. विद्यार्थ्यांसाठी त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान-प्रज्ञाशोध योजना निघाली. पहिल्या वर्षी दिल्लीपुरत्या १० शिष्यवृत्त्या होत्या. १९६४ साली योजना देशभर लागू होऊन त्यांची संख्या ३५० झाली. मूलभूत विज्ञाने शिकण्याची अट असलेल्या या शिष्यवृत्तीधारकांना पदवीच्या वर्षांत उन्हाळी वर्गांत बोलाविले जाई. पदवीपूर्व विद्यार्थ्याची सुटी ही राष्ट्राने खर्च करण्याजोगी वस्तू आहे, हा विचार येथे शासकीय पातळीवर स्पष्टपणे व्यक्त झाला. पुढे १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर १९७६-७७ च्या सुमारास योजनेचे स्वरूप पालटले. अभियांत्रिकी, वैद्यक आणि सामाजिक शास्त्रे यांनाही ती खुली झाली व शुद्ध विज्ञानाशी असलेला तिचा अनन्य संबंध संपला.

दरम्यान मुंबई-पुण्यात व्यक्तिगत प्रेरणेतून काही घडत होते. १९४५ साली होमी भाभा यांनी स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे साहचर्य काही भाग्यवान विद्यार्थ्यांना लाभे. श्रीराम शंकर अभ्यंकर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९३० साली उज्जैन येथे जन्मलेला हा विद्यार्थी मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पदवीचा अभ्यास करीत असतानाच टाटा संस्थेतील गणितज्ञांच्या सहवासात आला आणि १९५१ साली पदवी घेऊन हार्वर्डला गेला. तेथे ऑस्कर झारिस्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी बैजिक भूमितीत मोठे कार्य केले. अभ्यासक्रमाबाहेरचे गणित ऐन तारुण्यात कानी पडण्याचे मोल त्यांनी स्वानुभवाने जाणले होते. १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले. १९९२ पासून महाराष्ट्र व गोवा विभागासाठी प्रादेशिक गणित ऑलिंपियाडचे कामही या संस्थेकडे आले. एरंडवण्यातील या वास्तूत शाळकरी मुलापासून संशोधकापर्यंत सर्वांना येण्याची मुभा राहिली, ही गोष्ट विद्यापीठीय परंपरेच्या दृष्टीने असाधारण म्हटली पाहिजे.

५

अणुऊर्जा विभागाने १९८३ साली राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ स्थापन केले आणि गणितास स्वतंत्र, स्थिर आश्रयदाता लाभला. मंडळाने प्रथम शाळकरी मुलांकडे लक्ष दिले. १९८६ पासून राष्ट्रीय ऑलिंपियाड सुरू झाली व १९८९ साली भारताचा संघ प्रथमच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. परंतु शालेय स्पर्धेतील विजेते पुष्कळदा अभियांत्रिकीकडे जात, आणि जो विद्यार्थी प्रत्यक्षात बी.एस्सी.ला गणित घेई त्याच्यासाठी फारसे काही नव्हते. ही उणीव भरून काढणारा उपक्रम १९९३ साली निघाला. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी मंडळाच्या अर्थसाहाय्याने ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च प्रोग्रॅम’ सुरू केला. विद्यार्थिवर्गात तो एम.टी.टी.एस. या अक्षरांनीच ओळखला जातो.

या वर्गाची रचना साधी आहे. उन्हाळ्यात चार आठवडे, देशातील निरनिराळ्या केंद्रांवर, निवासी स्वरूपात तो भरतो. विद्यार्थ्यांच्या तयारीनुसार शून्य, एक व दोन अशा पायऱ्या असून पहिल्या दोन पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि तिसरी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी असते. निवड शैक्षणिक कामगिरी व शिक्षकाची शिफारस यांवरून होते. निवडलेल्या विद्यार्थ्यास राहणे व जेवणे विनामूल्य असून रेल्वेच्या शयनयान वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे मिळते. माहितीपत्रकात ही अट एका ओळीची असते. इतिहासाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ओळ होय. तळेगावच्या दक्षिणेने जे एका वर्णासाठी केले, ते या ओळीने जात, गाव वा घराणे न विचारता केले.

अध्यापनाची पद्धतीही नेहमीच्या वर्गाहून भिन्न आहे. व्याख्या फळ्यावर लिहून देऊन सिद्धान्त उतरवून घेण्याऐवजी शिक्षक प्रश्न विचारतो, उदाहरणे मांडतो, आणि व्याख्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांतून घडवून आणतो. या पद्धतीचे मर्म एका साध्या उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एक, एक द्वितीयांश, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी श्रेढी शून्याकडे जाते, हे सर्वांस ठाऊक असते. ‘जाते’ म्हणजे काय, असे विचारले असता विद्यार्थी सहजच म्हणतो की, पदे शून्याच्या अधिकाधिक जवळ येतात. त्यावर शिक्षकाने एवढेच विचारावे की, ही पदे उणे एकच्याही अधिकाधिक जवळ येत नाहीत काय? पहिले पद उणे एकपासून दोन अंतरावर, दुसरे दीड अंतरावर, तिसरे त्याहून कमी. मग श्रेढी उणे एककडे जाते असे का म्हणू नये? वर्गात शांतता पसरते, आणि त्या शांततेत विद्यार्थ्याला प्रथमच कळते की, आपली व्याख्या चुकली आहे व ती आपणच दुरुस्त करावयाची आहे. ‘जवळ येणे’ पुरेसे नाही. कोणी कितीही लहान अंतर मागितले तरी एका ठराविक पदापासून पुढची सर्व पदे त्या अंतराच्या आत राहिली पाहिजेत, येथवर तो स्वतः येऊन पोहोचतो.

पिंपरी-भोसरीच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. लेथवर दंडगोल कातताना त्याचा व्यास ठरलेल्या मापापेक्षा किती कमीजास्त चालेल, याला कारखान्यात ‘टॉलरन्स’ म्हणतात. तो शब्द येथील कित्येक घरांत रोजच्या बोलण्यातला आहे. गणिती ज्यास एप्सिलॉन म्हणतो ती या टॉलरन्सचीच अमूर्त आवृत्ती होय. भेद इतकाच की, कारखान्यात टॉलरन्स नकाशावर ठरून येतो. गणितात तो प्रतिपक्षी मागेल तितका लहान असू शकतो व प्रत्येक मागणी पुरी करावी लागते. टर्नरच्या मुलाजवळ या व्याख्येची निम्मी सामग्री आधीच असते. ती उपयोगात आणण्यास मुक्त संवादाचा वर्ग लागतो, आणि ४५ मिनिटांच्या तासिकेत, परीक्षेच्या धाकाखाली, तो संवाद क्वचितच होतो.

६

२०१० साली या चित्रात आणखी एक भर पडली. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा गणित विभाग आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांनी पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा सुरू केली. तिलाही राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाचे साहाय्य आहे. चौदाव्या शतकात केरळात अनंत श्रेढींचा विचार करणाऱ्या संगमग्रामच्या माधवाचे नाव तिला दिले गेले. मुख्यतः द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या परीक्षेत पाठांतरापेक्षा युक्तीला वाव असतो, आणि चांगली कामगिरी करणाऱ्यांना पुढे शिबिराचे आमंत्रण मिळते. भारतातील तीन विज्ञान अकादमींची ग्रीष्मकालीन संशोधन-शिष्यवृत्ती ही याहून वेगळी वाट. तीत विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करतो व त्यास विद्यावेतन मिळते. अमेरिकेत १९८७ पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांना पैसे देऊन उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव देण्याची जी सरकारी योजना चालू आहे, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

या संधी असतानाही औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्याचा मार्ग सरळ झालेला नाही. पिंपरीहून एरंडवणे सुमारे १५ किलोमीटर. १ ऑगस्ट २०२३ पासून मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्थानकास येऊन तेथे गाडी बदलली की डेक्कन जिमखाना गाठता येतो. चाकणला मात्र रेल्वे नाही आणि मेट्रोही नाही. तथापि अंतराचा अडसर सर्वांत मोठा नव्हे. निवासी वर्गात प्रवास व जेवण मिळाले तरी त्या चार आठवड्यांत घरी येऊ शकणारी मिळकत बुडते, आणि ती भरून देणारी व्यवस्था या वर्गांत नाही. दुसरा अडसर शिफारशीचा. ज्या महाविद्यालयात या वर्गांची माहिती असलेला एक शिक्षक आहे, तेथून अर्ज जातात. जेथे तो नाही, तेथील गुणी विद्यार्थ्याला अर्जाची मुदत संपल्यावरही अशा वर्गाचे नाव ठाऊक नसते. तिसरा अडसर भाषेचा. बारावीपर्यंत मराठीतून विचार करण्याची सवय असलेल्या मुलाला इंग्रजीत चूक बोलण्याचे भय वाटते, आणि संवादावर उभारलेल्या वर्गात गप्प बसणाऱ्याचे नुकसान अधिक होते.

२००६ साली पुण्यात ‘आयसर’ स्थापन झाल्यानंतर निवडक विद्यार्थ्यांसाठी उत्कृष्ट सोय झाली, हे निर्विवाद आहे. परंतु त्यामुळे संलग्न महाविद्यालयांतील गणित-वर्गाची गरज संपली नाही; उलट ती अधिक तीव्र झाली. बारावीच्या वेळी जो निवडला गेला नाही, त्याच्या बुद्धीचा निकाल सतराव्या वर्षीच लागला असे मानणे इतिहासास धरून नाही. ग्रीष्मवर्ग ही दुसरी निवड आहे, आणि ती पदवीच्या मधल्या वर्षांत होते, हेच तिचे वैशिष्ट्य.

७

या विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पुणे प्रांतात विद्येच्या आश्रयाचा इतिहास हा विद्यार्थ्याच्या अन्नाच्या व्यवस्थेचा इतिहास आहे. दक्षिणा, माधुकरी, वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि ग्रीष्मवर्ग ही त्याची क्रमाने आलेली रूपे होत. प्रत्येक रूपाने आधीच्या रूपाने वगळलेल्यांपैकी काहींना आत घेतले. दुसरा असा की, ग्रीष्मवर्गाचे यश त्यातून किती संशोधक निघाले एवढ्यावरून ठरवू नये. परतून गेलेला विद्यार्थी पुढे आकुर्डीत वा राजगुरुनगरात शिक्षक झाला व त्याने आपल्या वर्गात ‘उणे एक का नव्हे?’ असे विचारले, तर त्या वर्गाचे फळ दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचले असे मानावयास हरकत नाही.

तिसरा निष्कर्ष चालू काळाशी निगडित आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमात कार्यानुभवास व अंतर्वासितेस श्रेयांक देण्यात येऊ लागले. औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांना कारखाने जवळ असल्यामुळे हे श्रेयांक तेथे मिळविणे सोयीचे वाटेल, आणि गणिताच्या विद्यार्थ्याची सुटी कोठारातील मालाची नोंद करण्यात जाण्याचा संभव आहे. चार आठवड्यांच्या गणितवर्गास तेच श्रेयांक देता येतील काय, आणि शिकाऊ उमेदवाराप्रमाणे त्या काळाचे विद्यावेतन स्थानिक उद्योगांकडून मिळविता येईल काय, याचा निर्णय विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना करावयाचा आहे. शिकणाऱ्याला शिकण्याच्या काळात पोटापुरते देणे ही या पट्ट्यात सहा दशकांची रूढ रीत आहे. ती लेथपुरती ठेवावी की फळ्यापर्यंत न्यावी, एवढाच प्रश्न उरतो.